थर्माकोलचं शहर आणि इंजेक्शन टोचलेला टोमॅटो

प्रश्न: मी अकोल्याजवळच्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. यंदा प्रदर्शनासाठी मुलांच्या दोन गटांनी ‘शहराचं हवामान’ आणि ‘जनुकीय अभियांत्रिकी’ असे विषय घेतले आहेत. प्रयोगशाळेत सहा थर्मामीटर आणि एक सूक्ष्मदर्शक, एवढंच सामान आहे. चार्ट आणि मॉडेल सोडून मुलांकडून खरं काही करून घेता येईल का?

उत्तर:

मॅडम, येईल की. आणि तुम्ही अकोल्यात आहात हे तर घबाडच समजा. उन्हासाठी नावाजलेलं शहर, आणि वेस ओलांडली की कपाशी. दोन्ही विषय तुमच्या शाळेच्या फाटकाबाहेर उभे आहेत.

मी एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं तालुक्याच्या प्रदर्शनांत परीक्षक म्हणून टेबलांपुढून फिरलो. हे दोन विषय दर वर्षी असतातच. एका टेबलावर थर्माकोलचं शहर, कारखान्याच्या चिमणीतून निघालेला कापसाचा धूर आणि वर सूर्य म्हणून टेबललॅम्प. शेजारच्या टेबलावर इंजेक्शन टोचलेला टोमॅटो आणि खाली मथळा: ‘जनुकीय अभियांत्रिकी: शाप की वरदान?’ मुलं पाठ केलेलं घडाघडा म्हणतात. “तू स्वतः काय मोजलंस?” असं विचारलं की पोर बाईंकडे बघतं.

म्हणून माझी कसोटी एकच आहे. प्रकल्प सुरू करताना त्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नसावं. थर्माकोलच्या शहराचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. तुमच्या मुलांच्या सहा घरांच्या अंगणात पहाटे किती तापमान असेल, ते मला ठाऊक नाही, तुम्हाला नाही आणि गूगललाही नाही.

आधी शहराचं बघू.

मुलं म्हणतील, “सर, मे महिन्यात दुपारी दोन वाजता मोजू, तेव्हा शहर किती तापतं ते कळेल.” इथंच बहुतेक प्रकल्प फसतात. शहर आजूबाजूच्या गावांपेक्षा गरम असतं हे खरं, पण ते मुख्यतः रात्री. दिवसभर सिमेंटचा स्लॅब, भिंती आणि डांबर उष्णता पोटात साठवतात आणि सूर्य मावळला की हळूहळू सोडतात. गल्ली अरुंद असेल तर ती उष्णता सरळ आकाशाकडे न जाता समोरच्या भिंतीवर आपटते. झाडं आणि ओली माती कमी, त्यामुळे बाष्पीभवनाने होणारा गारवा नाही. वर एसीच्या आणि गाड्यांच्या गरम हवेची भर. उघडं शेत मात्र दिवसा लवकर तापतं आणि रात्री लवकर निवतं. वैशाखात आपल्याकडची शेतं नांगरून उघडी पडलेली असतात, झाडाचं पान नाही. त्या वेळी भर दुपारी शेतातला आकडा शहराइतका किंवा त्याहून जास्तही येऊ शकतो. मुलांना असा आकडा आला तर तो ‘चुकला’ म्हणून खोडू देऊ नका.

ही गोष्ट दोनशे वर्षं जुनी आहे. लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड नावाचा औषधं बनवणारा गृहस्थ होता. ढगांना आज आपण जी शास्त्रीय नावं देतो ती पद्धत त्याचीच. त्याने वर्षानुवर्षं शहरातलं आणि बाहेरचं तापमान टिपून १८१८ पासून लंडनच्या हवामानावर ग्रंथ काढला. त्याचा निष्कर्ष असा, की शहर रात्री बाहेरच्यापेक्षा सरासरी ३.७ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २ अंश सेल्सिअसने गरम असतं आणि दिवसा किंचित थंड. त्याच्याकडे उपग्रह नव्हता. तुमच्याकडे जे आहे तेच होतं: थर्मामीटर, वही आणि रोज न चुकता बघायची चिकाटी.

तर मोजणी नोव्हेंबर-डिसेंबरात करा. शाळा सुरू असते, आकाश निरभ्र असतं, वारा पडलेला असतो, आणि अशाच रात्री शहर आणि शेत यांतला फरक सगळ्यात ठळक दिसतो. ढग आले किंवा वारा सुटला की फरक पुसट होतो. तसे दिवस वहीत वेगळे नोंदवा. पुढे तुलनेला तेच लागतील.

मुलांना रात्री रस्त्यावर पाठवायची गरज नाही. सहा थर्मामीटर सहा मुलांच्या घरी द्या. जुन्या वस्तीतल्या दाट गल्लीत एक, एमआयडीसीकडे एक, नव्या प्लॉटांच्या वस्तीत एक, मोर्णा नदीच्या काठाजवळ एक आणि खेड्यातून येणाऱ्या मुलांकडे दोन. रोज पहाटे सहाला आणि रात्री नऊला सगळ्यांनी एकाच वेळी वाचायचं. तीन आठवडे. अडीचशे आकडे जमतात, आणि अडीचशे आकड्यांपुढे थर्माकोल टिकत नाही.

पण वाटप करण्याआधी सहाही थर्मामीटर एका बादलीत एकत्र बुडवून ठेवा आणि दहा मिनिटांनी वाचा. एकाच पाण्यात सहा वेगळे आकडे येतील. प्रयोगशाळेच्या साध्या थर्मामीटरांत एक-दोन अंशांचा फरक मी नेहमी बघितला आहे, आणि तुम्ही शोधताय तो फरकही तेवढाच आहे! मग बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात ठेवा. तिथे शून्य यायला हवं. प्रत्येकाची चूक चिकटपट्टीवर लिहून त्याच्या गळ्यात बांधा आणि रोजच्या आकड्यातून वजा करा. मुलांना हे काम सगळ्यात जास्त आवडतं. कंपनीच्या थर्मामीटरची चूक आपण पकडली, याचा आनंद वेगळाच असतो.

दुसरी दक्षता थर्मामीटर टांगण्याची. मोजायची आहे ती हवा, भिंत नव्हे. वेधशाळेत पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी असते, तिचं तत्त्व इतकंच: ऊन लागू नये, वारा खेळावा. घरच्या घरी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाच-सहा ताटल्या उपड्या, एकीखाली एक, मध्ये रिकाम्या पेनांचे तुकडे घालून ओवल्या आणि मधल्या ताटल्यांना भोक पाडलं की काम भागतं. जमिनीपासून साधारण चार फूट, भिंतीपासून हातभर लांब.

हे मी फुकट शिकलेलो नाही. माझ्या एका गटाने ‘आमच्या शाळेचा परिसर गावापेक्षा सहा अंशांनी गरम’ असा दणदणीत निष्कर्ष काढला होता. मी खूश होऊन तो जिल्ह्याला पाठवला. तिथल्या परीक्षक बाईंनी शांतपणे विचारलं, “थर्मामीटर कुठे टांगला होता?” सायकल स्टँडच्या टिनाच्या पत्र्याला. आम्ही तीन आठवडे पत्र्याचं तापमान घेत होतो.

पत्र्यावरून आठवलं. कोविडनंतर बहुतेक शाळांच्या कपाटात कपाळाला लावायच्या ताप-गन पडून आहेत. मुलं ती रस्त्यावर रोखतील. तिचा पल्ला माणसाच्या तापापुरता असतो. डांबरावर ती ‘हाय’ लिहून मोकळी होते. कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड गन मिळाली तर छान, पण ती हवेचं नाही, पृष्ठभागाचं तापमान सांगते. शिवाय चकचकीत पत्र्यावर ती खोटं बोलते. चकचकीत धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आकाशाचं प्रतिबिंब दाखवतो, म्हणून हात लावता येत नाही असा पत्राही थंड दिसतो. त्यावर काळी चिकटपट्टी लावून पट्टीवर गन रोखा, आकडा लगेच उसळतो. हा पाच मिनिटांचा प्रयोग प्रदर्शनाच्या टेबलावरच दाखवता येतो. उपग्रहाची ‘तापलेलं शहर’ छापाची लाल-निळी चित्रं येतात, तीही पृष्ठभागाचीच असतात हे मुलांना इथे समजतं.

गल्लीचा अरुंदपणाही मोजता येतो. मोबाईल जमिनीवर उताणा ठेवून आभाळाचा फोटो काढायचा, त्यावर आलेख कागदासारख्या चौकटी आखायच्या आणि किती चौकटींत आकाश आहे ते मोजायचं. सहाही अंगणांसाठी एकाच मोबाईलने. एका अक्षावर आकाशाचे टक्के, दुसऱ्यावर पहाटेचं तापमान. ठिपके एका रेषेत येतीलच असं नाही, आणि न आले तर जास्त मजा. नदीकाठचं घर बहुधा रेषा सोडून खाली असेल, कारण थंड हवा जड असते आणि पहाटे उताराने वाहत खोलगट भागात साचते. म्हणजे तिथला गारवा ‘शहर नसल्यामुळे’ आहे की ‘सखल असल्यामुळे’? पुण्यात हिवाळ्यात शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव यांचे वेगवेगळे आकडे छापून येतात, मुंबईत कुलाबा आणि सांताक्रूझचे. मुलांना सांगा, यातला कुठला फरक शहरामुळे, कुठला समुद्रामुळे आणि कुठला चढ-उतारामुळे, याचा तर्क करून बघा.

वेळ उरला तर छपरं. विदर्भात अजून टिन, स्लॅब, कवेलू आणि धाब्याची घरं एकाच गल्लीत सापडतात. चारही छपरांखाली, पलंगाच्या उंचीवर, दुपारी तीन आणि रात्री दहा. किंवा बुटांच्या दोन सारख्या खोक्यांवर पत्र्याचे दोन सारखे तुकडे ठेवा आणि एकाला चुना फासा. चुना उडू नये म्हणून लोक त्यात थोडं फेव्हिकॉल घालतात. अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ साली उष्माघाताविरुद्धचा कृती आराखडा झाला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करण्याचं काम त्याला जोडलं गेलं. तुमच्या खोक्यातला फरक त्याच कामाचा लहान नमुना आहे.

आता दुसरा गट. तो टोमॅटो आधी टेबलावरून काढा. जनुक इंजेक्शनने फळात टोचत नाहीत. पेशीत जनुक घालून त्या पेशीपासून अख्खं रोप वाढवतात, मग ते बियाण्यातून पुढे जातं. आणि बाजारात दिसणारा टणक टोमॅटो हा हायब्रीड आहे, जीएम (म्हणजे बाहेरून जनुक घातलेला) नाही. भारतात शेतकऱ्यांच्या रानात परवानगीने उभं असलेलं जीएम पीक एकच, कपाशी. अळीला मारणारं जनुक घातलेल्या बीटी वांग्याला २००९ मध्ये केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीची मंजुरी मिळाली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारने ते थांबवलं. बांगलादेशने मात्र ते पुढे लावलं. तुमच्या मुलांच्या घरी ‘बीटी’ म्हणजे बियाण्याची कुठलीही पिशवी, असा अर्थ झालेला असेल. पहिला तास तो गुंता सोडवण्यात जाईल, जाऊ द्या.

प्रत्यक्ष जनुक बदलण्याचा प्रयोग शाळेत करायचा नाही. परदेशात चमकणाऱ्या जिवाणूंचे शालेय संच मिळतात, त्यांचे व्हिडिओ मुलं दाखवतील. आपल्याकडे १९८९ च्या नियमांनुसार अशा कामाला संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते. केळ्यातून किंवा कांद्यातून डीएनए काढायला हरकत नाही: कुस्करा, भांड्याचा साबण आणि मीठ घाला, गाळा, वर फ्रीजमध्ये गार केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल हलकेच ओता. पांढरे तंतू वर येतात. फक्त मुलांना “हा बघा पीळदार जिना” असं म्हणू देऊ नका. तो लाखो पेशींतल्या डीएनएचा गुंता आहे आणि त्यात प्रथिनं, पेक्टिन असं बरंच काही मिसळलेलं असतं. अर्ध्या तासाची करमणूक आहे, प्रकल्प नव्हे.

प्रकल्प बोंडात आहे.

थोडी पार्श्वभूमी मुलांना लागेल. बॅसिलस थुरिंजिएन्सिस (यावरूनच ‘बीटी’) हा मातीतला जिवाणू एक प्रथिन बनवतो. अळीच्या आतड्यात अल्कलीसारखं वातावरण असतं. तिथे ते प्रथिन विरघळून आतड्याच्या भिंतीला चिकटतं, भिंतीला छिद्रं पडतात आणि अळी मरते. आपलं जठर आम्लधर्मी, शिवाय ते चिकटायची जागाच आपल्या आतड्यात नाही. या प्रथिनाचं जनुक घातलेली कपाशी जालन्याच्या महिको बियाणे कंपनीने मोन्सँटो या अमेरिकी कंपनीच्या तंत्रज्ञानावर आणली, तिला २००२ मध्ये परवानगी मिळाली. दोन जनुकांचं बोलगार्ड-२ २००६ मध्ये आलं. हिरवी बोंडअळी आटोक्यात आली. पण गुलाबी बोंडअळीने आधी एका जनुकाला दाद देणं सोडलं, २०१० साली गुजरातच्या काही जिल्ह्यांतून ते जाहीर झालं, आणि मग दोन्हींना. २०१७ ला विदर्भात या अळीने काय केलं, ते मुलांच्या वडिलांना विचारा. माझ्यापेक्षा जास्त सांगतील.

हे का झालं? हाच प्रकल्पाचा प्रश्न. याचं एक कारण चवळी आणि राजम्याने दाखवता येतं.

पिशवीत १८० चवळीचे आणि २० राजम्याचे दाणे घाला. चवळी म्हणजे साधं जनुक, राजमा म्हणजे बीटी पचवायचं जनुक. न बघता दोन-दोन दाणे काढा. एक जोडी म्हणजे एक अळी. बीटी झाडावर फक्त दोन्ही राजमे असलेली अळी जगते. पहिल्या खेळात सगळ्या शंभर जोड्या बीटीवर. शंभरात सरासरी एक राजमा-राजमा जोडी येते. ती एकटी जगली की पुढची अख्खी पिढी राजम्याची! एका फटक्यात १० टक्क्यांवरून १०० टक्के. साधारण तीनातल्या एका खेळात अशी जोडी निघतच नाही आणि वर्ग ओरडतो, “अळी संपली!” तेव्हा विचारा, शेतात अळ्या शंभरच असतात का रे?

दुसऱ्या खेळात आधी काढलेल्या वीस जोड्या बिगर-बीटी झाडांवर, म्हणजे तिथे सगळ्या जगतात. उरलेल्या ऐंशी बीटीवर. जगलेल्या सगळ्यांचे दाणे मोजून प्रमाण काढा आणि त्याच प्रमाणात दोनशे दाणे पुन्हा भरा. आता राजमा १० वरून सरासरी साडेतेरा टक्क्यांवर जातो, मग १९, ३०, ४८ आणि पाचव्या पिढीत ७० च्या वर. बिगर-बीटी ओळी प्रतिकार थांबवत नाहीत, पण त्याचा वेग मोडतात. खऱ्या शेतात सुरुवातीचं प्रमाण दहा टक्क्यांपेक्षा कितीतरी कमी असतं, म्हणून तिथे हा वेळ वर्षांत मोजायचा.

आता मुलांनी घरी विचारायचं: ४५० ग्रॅमच्या बीटी पिशवीसोबत अशाच बिगर-बीटी ओळींसाठी १२० ग्रॅमचं छोटं पाकीट यायचं, त्याचं काय केलं? मी जिथे जिथे विचारलं तिथे बहुतेकांनी ते बांधावर फेकलं होतं. त्यांना दोष देऊ नका. अळी मुद्दाम पोसण्यासाठी जागा सोडा, असं कुणी नीट न समजावता सांगितलं तर तुम्ही-मी तरी सोडली असती का?

दुसरं कारण नववीच्या पुस्तकातच आहे, फक्त तिथे ते वाटाण्यात अडकून पडलंय. आपल्याकडे बीटी कपाशी बहुतेक संकरित. झाडात दोन्ही जनुकांची एकेकच प्रत. झाडाच्या पानांत दोन्ही प्रथिनं असतात, पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी. तिथे मेंडेलचं ९:३:३:१ लागू होतं: सोळा सरक्यांत सरासरी नऊंत दोन्ही जनुकं, तीनांत एक, तीनांत दुसरं, आणि एक सरकी कोरी. गुलाबी बोंडअळी नेमकी बोंडात शिरून सरकी खाते. तिला एकाच बोंडात विषारी, कमी विषारी आणि बिनविषारी जेवण मिळतं. अमेरिकेत सरळ (संकरित नसलेले) वाण लावतात, तिथे सरकीत अशी वाटणी होत नाही. त्यांनी बीटी आणि प्रयोगशाळेत वांझ केलेले पतंग दोन्ही वापरून २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन जाहीर केलं. बीटी प्रथिन ओळखायच्या कागदी पट्ट्या मिळतात. सरकी चिरडून द्रावणात बुडवली की रेघ उमटते. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अकोल्यातच आहे. तिथल्या कापूस विभागात जाऊन विचारा. बत्तीस सरक्यांपुरत्या पट्ट्या मिळाल्या तर मेंडेल मुलांच्या तळहातावर येतो.

पट्ट्या नाही मिळाल्या तरी चालेल. प्रत्येक शेतातून वीस हिरवी बोंडं तोडायची, चिरायची, अळी आहे-नाही लिहायचं. विसात दोन बोंडं किडकी निघाली की दहा टक्के झाले, आणि फवारणीचा निर्णय तिथेच घेतात. लवकर पेरलेलं, उशिरा पेरलेलं, गेल्या वर्षी फरदड (म्हणजे वेचणी झाल्यावरही कपाशी न उपटता उभी) ठेवलेलं आणि न ठेवलेलं, अशी सहा-आठ शेतं घ्या. डोमकळ्याही मोजा, म्हणजे ज्या फुलांच्या पाकळ्या अळीने जाळं विणून मिटवून टाकलेल्या असतात त्या. कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा) लावता आला तर रोज सकाळी त्यातले पतंग मोजायचे. लागोपाठ तीन दिवस रोज आठ पतंग आले की धोक्याची पातळी. प्रश्नावलीत “बीटीबद्दल आपलं मत काय?” असं विचारू नका. पेरणीची तारीख, किती फवारण्या, कापूस कधी उपटला, हे विचारा. शाप की वरदान ते मग परीक्षकाने ठरवावं, त्याला तेवढंच काम उरेल.

दोन्ही गटांना कच्ची वही एकच द्या, पेनाने लिहायला लावा, खोडरबर देऊ नका. ज्या दिवशी वाचायचं राहिलं त्या दिवशी ‘झोप लागली’ असंच लिहायचं. प्रदर्शनात टेबलावर ही मळलेली वही ठेवा, फेअर कॉपी नको. मी परीक्षक असताना आधी तीच उचलायचो.

आणि शेतात जायच्या आदल्या दिवशी शेतमालकाला फोन करून शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली आहेत. आठवडाभरात फवारा झाला असेल तर ते शेत वगळायचं, पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे, आणि बोंडं चिरून झाल्यावर डबा उघडायच्या आधी साबणाने हात.